कानामागचे दोन दिवस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवळात हात जोडूनसुद्धा नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी मागते आणि परत येते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रस्त्यात समोर आलात तरी मला कळणार नाही, की ह्यांना ठाऊक आहे. एवढी सोय मी करून घेतली आहे. ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

जामसंड्यात माझं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, लिपस्टिक, फाउंडेशन, काजळ. बहुतेक सगळं दोनशे रुपयांच्या आतलं. आत पडदा लावून एक खुर्ची, एक आरसा, एक बेसिन. मी त्रेपन्न वर्षांची आहे. रडारड मला जमत नाही, दुसऱ्याची बघवतही नाही. बायका माझ्याकडे येतात त्या मी तोंडावर खरं सांगते म्हणून. ही शेड लावलीस तर आजारी दिसशील, असं मी सरळ सांगते आणि ती लिपस्टिक परत खोक्यात ठेवते. "वयनी सांगता तां खरा," असं आमच्या आळीत म्हणतात.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

काही वर्षांपूर्वी मी केसांचं तेल सुरू केलं — प्रत्येकीसाठी वेगळं, तिच्या केसांप्रमाणे बनवलेलं. शहरात तसं चालतं म्हणे, मोबाइलवर बघितलं होतं. बाई आली की तिला स्टुलावर बसवायचं आणि पाच प्रश्न विचारायचे. पाणी विहिरीचं की बोअरचं? कोंडा आहे? डोक्याला घाम येतो? गोळ्या कसल्या चालू आहेत? झोप लागते का? ती सांगते, मी वहीत लिहिते. चार दिवसांनी तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली बाटली तयार. आणि तेल? सगळ्यांचं एकाच टोपातलं. आमच्याच माडांचं खोबरेल, त्यात जास्वंद, कढीपत्ता, मेथी. कुणाला वाळ्याचा वास, कुणाला मोगऱ्याचा. फरक एवढाच.

हेच सांगायचं होतं का? छे. हे तर मी उद्या दुकानाबाहेर फळ्यावर खडूने लिहीन. तेल चांगलं आहे, कुणाचं वाईट झालं नाही.

वाईट झालं ते सुलूचं.

सुलू मासे विकायची. खाडीकडच्या वाडीतून डोक्यावर पाटी घेऊन यायची, अठरा वर्षं आमच्या आळीत तिचाच फेरा. पाटी माझ्या दुकानाच्या पायरीवर उतरवायची, मला बांगडे नाहीतर सौंदाळे द्यायची, आणि दहा मिनिटं टेकायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. मी तिला चहा द्यायची आणि मग पडद्याआड बोलवायची. "सुलू, हंय ये. तोंड दी बघूया." कधी नवीन लिपस्टिक, कधी फाउंडेशन, कधी काजळ. फुकट. आळीतल्या बायका म्हणायच्या, किती करतेस गो तिच्यासाठी.

किती करत होते?

स्वस्त मालाची एक गंमत असते. खोकं तेच, नाव तेच, पण एका वेळचं काजळ गुण्यागोविंदाने बसतं आणि पुढच्या वेळचं डोळ्यांत झोंबतं. गिऱ्हाइकाला झोंबलं तर ती परत येत नाही, शिवाय चारजणींना सांगते. म्हणून विकायच्या आधी लावून बघावं लागतं. सुरुवातीला मी माझ्याच मनगटावर बघायची. पण मनगट म्हणजे काही तोंड नव्हे. आणि माझं तोंड — ते मला दुकानात रोज दाखवायचं होतं.

म्हणून सुलूचं.

ती खुशीत असायची. "होडयेक वर्साक एकदा रंग लावतत, माका तू दिसाआड लावतस," म्हणायची. मरून रंगाचे ओठ घेऊन पाटी उचलायची आणि पुढच्या घरी जायची. तिथे कुणीतरी विचारायचंच, आज खंयच्या लग्नाक गो? "बांगड्याच्या. न्हवरी सुरमय." सगळी आळी हसायची. दुसऱ्या खेपेला ती आली की मी तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवायची. तिला वाटायचं, मी कौतुकाने बघतेय. मी पुरळ आलंय का ते बघत होते. नसलं की ती लिपस्टिक समोरच्या काचेत मांडायची.

हे मी तेव्हा स्वतःलासुद्धा असं सांगत नव्हते. तेव्हा मी दानशूर होते.

सहा वर्षं झाली आता. सुलूच्या मुलीचं, प्राचीचं, लग्न ठरलं. एकुलती मुलगी, शिकलेली, म्हापशाला एका दुकानात हिशेबाला होती. मुलगा दोडामार्गचा. त्याची आई गोव्यात नोकरी करायची, केस काळेभोर, नीट कापलेले, बोलायला गोड. पहिल्या भेटीनंतर सुलू दुकानात आली ती पाटी न उतरवताच बोलायला लागली. त्या बाईच्या शेजारी बसले तर मी तिची आई दिसेन, म्हणाली. सुलूचे दोन्ही कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, भांगातही पांढरी रेघ. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे स्वतःहून काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. "वयनी, माझे केस काळे कर गो. माझ्या चेडवाच्या लग्नात माका वेणी घालूची आसा, काळ्या केसांत." आणि फुकट नको म्हणाली. ह्या खेपेला मी गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक.

आता मला माझ्या दुकानातला नियम सांगायला हवा. केसांना रंग लावायचा तर दोन दिवस आधी त्या रंगाचा ठिपका कानामागे लावायचा. खाज, लाली, फोड — काही झालं तर तिथेच कळतं. दोन दिवस काही झालं नाही, तर तिसऱ्या दिवशी रंग. आरशाच्या वर मी तसा कागदच चिकटवला होता, आणि तो मी कडक पाळायची. एकदा एक बाई मुंबईची गाडी दुपारची आहे, आजच करा म्हणून हट्ट धरून बसली. मी तिला तशीच पाठवली. ती बडबडत गेली. मला अभिमान वाटला.

सुलूला मी दोन दिवस दिले नाहीत.

का? थांबा. सांगते. एवढ्यापर्यंत आले आहे तर सांगते.

त्या आठवड्यात नवीन पावडर आली होती. मेंदीत कालवायची, काळ्या रंगासाठी. साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत, वर ना नाव ना काही. घाटावरच्या होलसेलवाल्याने फोनवर सांगितलं होतं, ही लाली मारत नाही, महिनाभर कुळकुळीत. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हायस्कुलातल्या एक बाई रंग लावायला येणार होत्या. मोठं घर, मोठी ओळख, त्यांच्या पाठोपाठ चार शिक्षिका आल्या असत्या. त्यांच्या कानामागे ठिपका लावला होता तो जुन्या पावडरीचा. मला त्यांना नवीन लावायची होती, कारण जुनी आठ दिवसांत तांबूस व्हायची. आणि नवीन पावडर तोवर कुणाच्या डोक्याला लागलेली नव्हती.

आणि सुलू समोर बसली होती. केस काळे कर म्हणत.

मनात काय आलं, तेही सांगते. जसंच्या तसं. तिच्या चामडीला काय होतंय, असं आलं. बाईंची ती त्वचा, आणि सुलूची चामडी. उन्हातली, खाऱ्या वाऱ्यातली, अठरा वर्षं पाटीखाली दबलेली. तिला काय झोंबणार आहे?

मी मेंदी कालवली. तिचे केस जाड, म्हणून पावडर एक चमचा जास्त घातली. माझ्या दुकानात आजवर एकाच बाईसाठी म्हणून खरोखर वेगळं असं काही बनलं असेल, तर ते तेवढंच.

पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, "वयनी, आग होता गो डोक्यात." बाहेर दोन मुली बांगड्या बघत होत्या. मी पडद्यातून डोकं आत घातलं आणि म्हटलं, "रंग चढता हा. आणखी धा मिनटां रव." ती राहिली. दहाची पंचवीस झाली. त्या पोरी काही घेत नव्हत्या आणि उठतही नव्हत्या. आतून सुलूचा पाय ऐकू येत होता — टाच जमिनीवर आपटत होती, थांबून थांबून. परत हाक तिने मारली नाही. मी सांगितलं होतं ना, दहा मिनिटं.

धुतल्यावर केस खरंच कुळकुळीत काळे झाले होते. तिने आरशात बघितलं आणि हात तोंडावर घेतला. "वयनी, ह्यां कोण गो?" म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, आगीचं की आनंदाचं ते मी विचारलं नाही. त्या दिवशी तिने पाटी डोक्यावर घेतली नाही. कमरेवर घेऊन गेली, रंगाला धक्का नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून झाडत होते, तेवढ्यात प्राची आली. बाहेर रिक्षा थांबवलेली. आईचं तोंड सुजलंय, डोळे उघडत नाहीत, डोक्यातून पाणी वाहतंय, दवाखान्यात नेलंय. "मावशी, डॉक्टर इचारतत, काय लावलात? पुडी आसली तर दिया."

पुडी माझ्या गुडघ्याजवळच्या ड्रॉवरमध्ये होती. हात लांबवला असता तर हाताला लागली असती.

मी म्हटलं, मेंदी. निव्वळ मेंदी, दुसरं काही नाही.

इथेच थांबले असते तरी एक वेळ — नाही, तेही काही कमी नव्हतं. पण मी थांबले नाही. तिने विचारलंही नव्हतं, तरी पुढचं बोलले. मासळीच्या पाटीतलं बर्फाचं पाणी डोक्यात झिरपतं, म्हटलं. चुंबळ कायम ओली, केसांची मुळं कुजतात, जखमा होतात. मी तिला कितीदा सांगितलं होतं, पाटी डोक्यावर घेऊ नको म्हणून. असं म्हटलं. कधीच सांगितलं नव्हतं.

प्राचीने मान डोलावली. वयनी सांगता तां खरा. रिक्षा गेली.

मी शटर अर्धं ओढलं, पुडी घेतली, आणि घरामागच्या परड्यात तिसऱ्या माडाच्या आळ्यात पुरली. अकरा वाजता बाई आल्या. पाण्याचा पंप बिघडलाय म्हणून त्यांना परत पाठवलं. त्यांच्या डोक्याला ती पावडर लावायची नाही, हे मला लगेच कळलं होतं. बघा — लगेच.

वाटलं होतं, चार दिवसांत उतरेल. तोंडाची सूज उतरलीही. पण टाळूवर, जिथे मी जाड थर दिला होता, तिथे पिकलं. केस पुंजक्यांनी निघाले. डॉक्टर म्हणे घाण पाण्याने चिघळलंय असं धरून चालले होते. त्यांना तेच सांगितलं गेलं होतं. पहिल्याच दिवशी ती पुडी त्यांच्या हातात पडली असती तर तेवढी जागा वाचली असती का? मला माहीत नाही. सहा वर्षांत मी कुठल्याच डॉक्टरला विचारलेलं नाही. विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं. जखम भरली तेव्हा टाळूवर हाताच्या पंजाएवढी जागा गुळगुळीत झाली होती. करवंटीसारखी.

लग्न वीस दिवसांनी झालं. नवरीचा मेकअप मी केला, माझ्याकडून आहेर म्हणून. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. सुलू डोक्यावर पदर घट्ट ओढून वावरत होती, दर थोड्या वेळाने हाताने चाचपत. आमच्याकडे लग्नात विहिणीने विहिणीला अबोलीची वेणी माळायची असते. मुलाची आई वेणी घेऊन आली, हसत, मनाने चांगली बाई. म्हणाली, जरा पदर मागे घ्या बघू.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मुठीत पिना होत्या — नवरीच्या केसांतल्या उरलेल्या. सुलूने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. ह्यातून काहीतरी वाट काढ, अशा नजरेने. केसांचं मला कळतं ना.

मी नवरीचा पदर नीट करायला वळले.

मागून तिचा आवाज आला. "हातात दिया हो. डोक्यार सुकान जाता." बायका हसल्या. सुलूची थट्टाच म्हणून हसल्या. तिने ती वेणी सबंध लग्नभर मनगटाला गुंडाळून ठेवली होती. जेवताना डाव्या हाताला अबोली. पाठवणीच्या वेळी प्राचीच्या गळ्यात पडली तेव्हाही. आणि निघताना माझ्याजवळ येऊन त्याच हाताने माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, वयनीन माझ्या चेडवासाठी किती केल्यान.

तिने पाटी सोडली. मी सांगितलं होतं म्हणून. पाटीच्या पाण्याने झालं असेल तर पाटी कशी घ्यायची? स्कूटर येत नाही, बाजारात बसायला जागा नाही. आता आंब्याच्या मोसमात दोन-तीन महिने कॅनिंगच्या कारखान्यात जाते, उरलेले महिने दोन घरची भांडी. त्यातलं एक घर आमच्याच आळीत आहे. ज्या दारात ती पाटी उतरवायची, त्याच दारातून मागच्या बाजूला जाते. मासे आता मोटारसायकलवरून एकजण आणतो, भोंगा वाजवतो, कुणाशी बोलत नाही. बायका म्हणतात, सुलूचे बांगडे ते सुलूचे. मीही मान डोलावते.

तिसऱ्या माडाचे नारळ मी तेलाला घेत नाही. नवरा विचारतो, त्या झाडाने काय केलंय तुझं? मी म्हणते, खोबरं पातळ निघतं. बाकी दुकान चांगलं चाललंय. आरशावरचा कागद अजून आहे, दोन वर्षांपूर्वी नवीन लिहून लावला, मोठ्या अक्षरात.

मी बरी बाई होते आणि एकदा घसरले, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. त्या पावडरीची चूक एका दुपारची. खोटं मात्र चालूच आहे. कारण सुलू येते. दर दीड-दोन महिन्यांनी, तेल संपलं की. तिला वाटतं, माझ्या तेलाने केस येतील. मीच तसं म्हटलं होतं, लग्नानंतर आठ दिवसांनी. काहीतरी म्हणायला हवं होतं.

काल दुपारीही आली. पायरीवर बसली, चहा घेतला. प्राचीला दुसरी मुलगी झाली, म्हणाली, बारशाला दोडामार्गला जायचंय. नातीच्या डोक्यावर म्हणे एवढं जावळ आहे. मग दाराजवळ उजेडात सरकली, पदर मागे घेतला आणि माझ्यापुढे मान खाली घातली.

"वयनी, बघ गो. लव येता काय?"

मी बघितलं. बोट फिरवून बघितलं. काही नव्हतं. काही येणारही नाही.

"येता हा," मी म्हटलं. "बारीक बारीक."

तिने पदर घेतला. मी आत गेले, टोपातलं तेल बाटलीत ओतलं, मोगऱ्याचा वास घातला — तिला मोगरा आवडतो — चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं, चिकटवली आणि बाटली तिच्या हातात दिली.